सगळी सोय हिच्यासाठी

३ जून
आजपासून रोजनिशी. घरात मोठं काम निघणार आहे आणि मोठ्या कामाची नोंद घरातल्या जबाबदार माणसाने ठेवायची असते. या घरात तो एकच आहे.

लेकीचा फोन आला होता. बाथरूममध्ये धरायला दांड्या बसवा, कमोड उंच करा, पुढच्या पायऱ्यांवर रॅम्प करा. फोनवरून सांगायला तिचं काय जातं? शब्द लेकीचे होते, पण त्यांना वास जावयाचा होता. म्हटलं, विचार करतो. ती म्हणाली, बाबा, विचार करत बसू नका, मी ज्येष्ठांच्या सोयी बघणाऱ्या ऑफिसला तुमच्या वतीने कळवलंय, परवा एक बाई घर बघायला येतील. म्हणजे आता माझ्या वतीने विचार करायलाही माणसं नेमली.

तरी शांतपणे बघता कल्पना वाईट नाही. आमची ही आता सत्तरीला आली. खांदा दुखतो, कंबर दुखते, हे रोजचंच. हिच्यासाठी घरात चार सोयी कराव्यात हे नवरा म्हणून माझं कर्तव्यच आहे. आणि तांत्रिक शाळेत ड्रॉइंग शिकवण्यात जन्म घालवलेल्या माणसाला बाहेरच्या बाईची गरज नाही.

हे सगळं सुरू झालं ते बाथरूममधल्या त्या प्रकारावरून. त्याची घराघरात ‘सर पडले, सर पडले’ अशी जाहिरात झाली आहे. मी पडलो नाही. खाली बसलो. जरा लवकर बसलो, एवढंच. उठायची घाई नव्हती म्हणून उठलो नाही. हिने उगाच समोरच्या विमावाल्यांना हाक मारली. या गृहस्थाने नोकरीभर लोकांना मरणाची भीती घालून विमे विकले, आता रिटायर झाल्यावर तेच काम फुकट करतो. चपला घालून बाथरूममध्ये आला. काखेत हात घालून मला उचलताना ‘सावकाश, सावकाश’ म्हणत होता, जसं काही घरात नवीन कपाट आलं आहे.

डाव्या पायाविषयी: गेल्या वर्षीच्या किरकोळ दुखण्यानंतर तो थोडा स्वतःच्या मताने चालतो. डॉक्टर त्याला झटका म्हणतात. मोठा शब्द वापरल्याशिवाय डॉक्टरांना आपण डॉक्टर आहोत असं वाटत नाही.

संकल्प: महिनाअखेर काम पूर्ण. माझ्या ड्रॉइंगप्रमाणे, माझ्या देखरेखीखाली.

५ जून
ऑफिसची बाई येऊन गेली. बाई कसली, पोरगी. पाठीला सॅक, हातात मोजायची टेप. आल्या आल्या मला ‘काका’. मी तिचं नाव टेपवाली ठेवलं आहे.

टेपवालीने दारं मोजली, पलंग मोजला, कमोड मोजला, पायऱ्या मोजल्या. मग माझा गुडघा मोजायला बसली. म्हटलं, माझा गुडघा कशाला? म्हणाली, बाथरूममधल्या खुर्चीची उंची ठरवायला. म्हटलं, खुर्ची हिच्यासाठी आहे, हिचा गुडघा मोजा. टेपवालीने हिच्याकडे बघितलं, हिने टेपवालीकडे. दोन बायका अशा एकमेकींकडे बघू लागल्या की खोलीत आपण पाहुणे होतो. मग टेपवाली म्हणाली, काका, तुमच्या मापाने केली तरी काकूंना चालेल. शास्त्रीयदृष्ट्या चूक. पण पोरगी नवीन आहे, शिकते आहे, म्हणून पाय पुढे केला.

नंतर म्हणाली, हात न टेकता खुर्चीवरून उठून दाखवा. हिला नमुना म्हणून असणार. पहिल्यांदा गादीने दगा दिला. गादी फार मऊ आहे. दुसऱ्यांदा फोन वाजल्यामुळे लक्ष विचलित झालं. फोन समोर विमावाल्यांकडे वाजला, पण आवाज इकडे येतो. तिसऱ्यांदा तिने उठायला सांगितलं नाही. बहुधा पुरेशी माहिती मिळाली.

यानंतर दोघी स्वयंपाकघरात जाऊन बोलत बसल्या. मी ऐकत नव्हतो. ऐकू येत होतं. टेपवालीने विचारलं, काकू, यांना तुम्ही एकट्या उचलता? ही म्हणाली, उचलते कसली, ओढते. खांद्यात कट् असा आवाज होतो. बाहेर कुठे जाता का? ही म्हणाली, भाजी आणायला जाते, तीसुद्धा धावतपळत. ताईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हाही जाता आलं नाही. एकदा तिच्याकडे जाऊन निवांत राहावं असं फार वाटतं.

मी बाहेरूनच खुलासा केला की हिला प्रवास झेपत नाही. आत एकदम शांतता पसरली. म्हणजे पटलं.

टेपवालीचं म्हणणं लांबलचक. कमोडशेजारी एक दांडी, न्हाणीच्या भिंतीला दोन, बसून आंघोळीला खुर्ची, न घसरणारी फरशी, कमोडवर उंच सीट, बाहेर रॅम्प आणि त्यालाही कठडा. एवढं केल्यावर आमच्या घरात आणि हॉस्पिटलात फरक एवढाच उरेल की इथे भेटायला येणारे लोक फळं आणत नाहीत.

६ जून, दुपारी
ड्रॉइंग पूर्ण. जुना बोर्ड काढला, टी-स्क्वेअर पुसला. हात अजून तोच आहे. रेघ थोडी थरथरली आहे, पण ती कागदाच्या दर्जामुळे.

माझ्या योजनेत दोन मोठ्या सुधारणा. पहिली: बाथरूममध्ये तीन तीन दांड्या ठोकून भिंतीची शोभा घालवण्यापेक्षा एकच सुंदर दांडी. तिच्यावर टॉवेलही वाळेल आणि हिला वाटलं तर धरताही येईल. उंची माझ्या छातीइतकी, कारण टॉवेल जमिनीला लागता कामा नये. टेपवालीला हे सुचलं नाही. सुचणार कसं? तिच्या डोक्यात टेप आहे, टॉवेल नाही.

दुसरी सुधारणा रॅम्पची. टेपवाली म्हणते, जेवढी उंची त्याच्या बारा पट लांबी हवी. तेवढा रॅम्प केला तर तो फाटकातून बाहेर पडून विमावाल्यांच्या दिवाणखान्यात शिरेल. तर म्हणे, वळण घेऊन करतात. वळण घाटाला असतं, घराला नसतं. माझा रॅम्प सरळ आहे आणि फाटकाशी संपतो. सुटसुटीत.

हिला ड्रॉइंग दाखवलं. बराच वेळ बघून म्हणाली, घसरगुंडीसारखं दिसतंय हो. म्हटलं, ते एलेव्हेशन आहे, बाजूने दिसणारा आकार, तुला कळणार नाही. म्हणाली, मला फक्त उतरायचं कसं ते कळू दे.

हिची विचारशक्ती अलीकडे फार व्यावहारिक झाली आहे.

९ जून
हिला घेऊन वैद्यकीय सामानाच्या दुकानात गेलो. रिक्षात बसताना हिने माझं कोपर धरलं होतं. लोकांसमोर हिला असा आधार लागतो.

दुकानदाराने मला ‘या आजोबा’ म्हणून बोलावलं आणि सरळ चाकांच्या खुर्चीत बसवलं. म्हटलं, मला नको, मिसेससाठी बघतोय. त्याने हिच्याकडे बघितलं. हिच्या एका हातात दोन पिशव्या, दुसऱ्या हातात माझी छत्री, काखेत माझं एक्स-रेचं पाकीट. म्हणाला, हो हो, मिसेससाठीच. तरी तुम्ही बसून बघा, आरामशीर आहे का सांगा.

बसून बघितलं. आरामशीर आहे. तसं सांगितलं नाही. एकदा का आपण समाधान दाखवलं की दुकानदार डोक्यावर बसतो.

आंघोळीच्या खुर्च्या पाहिल्या. प्लास्टिकच्या, मध्ये भोकं. अशा खुर्चीवर बसून आंघोळ करायची म्हणजे स्वतःला गाळून घेण्यासारखं आहे. कमोडवर ठेवायची उंच सीटही पाहिली. तिच्याबद्दल न लिहिलेलं बरं, ही वही कधीतरी नातवंडांच्या हाती पडेल.

काठी घेतली. चालण्यासाठी नाही. आमच्या रस्त्यावर कुत्री वाढली आहेत.

 घरी रिक्षातून उतरल्यावर ही म्हणाली, ती खुर्ची घ्यायला हवी होती. म्हटलं, तुला हवी असेल तर घेऊ. म्हणाली, अहो, मला कशाला? मी तर उभ्याने करते. म्हटलं, म्हणूनच तर काळजी वाटते.

१२ जून
मिस्त्री आला. विमावाल्यांच्या ओळखीचा, त्यामुळे आधीच संशय होता. पण माणूस फार चांगला निघाला. ज्याला त्याला ‘बरोबर साहेब’ म्हणतो. ड्रॉइंग उलटं धरून म्हणाला, बरोबर साहेब. मी सुलट करून दिलं. पुन्हा म्हणाला, बरोबर साहेब. शिक्षणाने माणसाला शंका काढायची खोड लागते, या माणसाला ती अजिबात नाही.

ही मध्येच येऊन म्हणाली, मिस्त्री, दांडी माणसाचं वजन घेईल ना? मिस्त्री म्हणाला, बरोबर बाई. मी खुलासा केला की टॉवेलचं वजन म्हणजे ओला टॉवेल धरायचा. तोही त्याला बरोबर वाटला.

विमावाले फाटकात उभे राहून बघत होते. म्हणाले, उतार जरा जास्त नाही का वाटत? मी म्हटलं, तुम्ही कधी एखाद्या पॉलिसीतल्या अटी गिऱ्हाइकाला वाचून दाखवल्या होत्या का? गेले.

१५ जून
रॅम्प तयार! पायऱ्या गाडल्या गेल्या. आमच्या गल्लीतला हा पहिलाच. घराचा चेहराच बदलला. हिला म्हटलं, चल, उद्घाटन तुझ्या हस्ते, म्हणजे पायाने. दारात उभी राहून तिने खाली बघितलं आणि स्वयंपाकघराच्या मागच्या दाराने बाहेर गेली.

मी स्वतः उतरून पाहिलं नाही. सिमेंट अजून ओलं आहे.

१६ जून
सिमेंट वाळलं. उतरलो नाही. बनवणाऱ्याने स्वतः वापरून बघणं म्हणजे स्वतःच्या कामावर अविश्वास दाखवणं.

दुपारी गॅसवाला आला. भरलेला सिलिंडर मागच्या दाराने आणला आणि रिकामा पुढच्या दाराशी आडवा ठेवला. ही त्याची चूक. सिलिंडर रॅम्पवरून निघाला, फाटक ओलांडलं, रस्ता ओलांडला आणि विमावाल्यांच्या स्कूटरला जाऊन थडकला. रिकामा होता म्हणून वेग बेताचा होता. रस्त्यावर कुणी नव्हतं हे माझ्या हिशेबात होतंच.

विमावाले बाहेर आले. मला वाटलं आता भांडतील. पण पडलेली स्कूटर उचलून ते म्हणाले, सर, बरं झालं, सिलिंडर होता. त्यांना काय म्हणायचं होतं ते मी विचारलं नाही.

संध्याकाळी लेकीचा फोन. तिला सगळं कळलेलं होतं. ही कुणाशी काय बोलेल याचा नेम नाही. लेक म्हणाली, बाबा, त्या जागी आई असती तर? म्हटलं, आईला लोटलं तरी ती त्या रॅम्पवरून जायची नाही. लेक म्हणाली, तेच म्हणते मी.

ही पोरगी लहानपणापासून आईच्या वळणावर गेली आहे.

गेले दोन दिवस घरातच आहे. मागच्या दाराचा उंबरा उंच आहे. बाहेर गेलंच पाहिजे असं काही नाही. लेखनाला निवांतपणा मिळतो.

१८ जून, संध्याकाळी
आज एक तांत्रिक बिघाड झाला.

दुपारी आंघोळ करून मी वळलो. वळताना दांडीची मजबुती सहज तपासली. तपासताना थोडं वजन पडलं. दांडी भिंतीतून आली, तिच्यामागून दोन टाइल्स आल्या, आणि मी खाली बसलो. या वेळी बऱ्याच लवकर. मिस्त्रीने भिंतीत प्लास्टिकचे प्लग वापरले होते. टॉवेलला पुरतील म्हणे. अशा लोकांना सगळं बरोबरच वाटतं, तिथेच घोटाळा आहे.

ही धावत आली. माझ्या काखेत हात घालून ओढायला लागली. कट्. आज मलाही ऐकू आलं. हिने खांदा धरला आणि माझ्या शेजारी ओल्या फरशीवर, टाइल्सच्या चुऱ्यात बसली.

विमावाले बाहेर गेले होते. नेमके तेव्हाच. हिने त्यांना फोन केला, ते येतो म्हणाले, तोपर्यंत आम्ही दोघं बसून होतो. हिने मला टॉवेल गुंडाळला. मग म्हणाली, अहो, मला तुम्हाला काही सांगायचंय. म्हटलं, प्लगबद्दल मी मिस्त्रीला झापणारच आहे. म्हणाली, प्लग राहू दे. मी थकले हो. रात्री तुम्ही कूस बदललीत तरी मला जाग येते. दळण आणायला गेले तरी जीव इकडे असतो. आता मला तुम्हाला उचलवत नाही. म्हटलं, म्हणून तर एवढा खटाटोप करतोय, सगळं तुझ्यासाठीच ना?

ती माझ्याकडे बघत राहिली. मग हसायला लागली. खूप हसली. हसता हसता हाताच्या पाठीने डोळे पुसू लागली. शेवटी शेवटी तो आवाज हसण्याचाच होता का, ते नीट कळलं नाही. बाथरूममध्ये आवाज घुमतो.

तिने माझा हात धरला होता. आधार म्हणून. तिला.

विमावाले आले, चपला बाहेर काढून आले. उचललं. ‘सावकाश’ म्हणाले नाहीत. 

चहा पिताना ही म्हणाली, उद्यापासून या कामात तुम्ही काही ठरवायचं नाही. मी ठरवणार. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला उत्तर देता आलं असतं.

१९ जून
विचारांती मी कामाचा दैनंदिन कारभार हिच्याकडे सोपवला आहे. मोठ्या प्रकल्पात प्रमुखाने बारीकसारीक गोष्टींत अडकायचं नसतं.

हिचा हात झोळीत. डॉक्टर म्हणाले, महिनाभर जड उचलायचं नाही. माझ्याकडे बघून म्हणाले. माझं वजन तसं काही जास्त नाही.

२४ जून
टेपवाली पुन्हा हजर. रॅम्प बघून आधी फोटो काढला. ऑफिसात दाखवायला, असं म्हणाली. कौतुकासाठीच असणार असं नाही, हे मलाही कळतं. पण ड्रॉइंग ऑफिसात पोचलं हे खरं.

आज माझा एक विजय झाला, त्याची नोंद झालीच पाहिजे. टेपवालीने आणलेली उंच सीट आमच्या कमोडवर बसली नाही! तिने दाबली, फिरवली, काढली, पुन्हा ठेवली. टेपने एवढं मोजूनही! मी दारात काठी टेकून उभा होतो. म्हटलं, शून्यापासून मोजलंत ना? ती लाल झाली. चुकून दुसऱ्या घरची आली म्हणाली. उद्या बदलून देते. मी म्हटलं, सावकाश, सावकाश.

जेवणात मला आज चव लागली.

२७ जून
नवे कामगार आले आणि माझा रॅम्प फोडला. हातोड्याच्या प्रत्येक घावाला विमावाले आपल्या गॅलरीतून मान हलवत होते. मी आत बसून पेपर वाचला. एकच पान, पण नीट वाचलं.

१ जुलै
काम संपलं. माझी मुदत महिनाअखेरची होती. एकाच दिवसाचा उशीर, तोही त्या सीटमुळे.

रॅम्प वळण घेऊन झाला आहे. अंगण सगळं त्यानेच खाल्लं. दोन्ही बाजूंना कठडा. बाथरूममध्ये दांड्या तीन, फरशी खरखरीत, खुर्ची भोकांची. मूळ कल्पना माझीच आहे, तपशिलात फरक केला आहे.

कामगार गेल्यावर टेपवाली म्हणाली, काका, एकदा बसून, उठून दाखवा. हिला कसं वापरायचं ते कळायला हवं म्हणून मी तयार झालो. डावा हात दांडीवर, पाय मागे, पुढे झुकायचं आणि उठायचं. उठलो. हिला म्हटलं, पाहिलंस? असं उठायचं. हिने टेपवालीकडे पाहून टाळी वाजवली. एकाच हाताने, मांडीवर.

हिला नीट समजावं म्हणून प्रात्यक्षिक संध्याकाळी आणखी काही वेळा केलं. ती समोर नव्हती तेव्हाही केलं. सवय असलेली बरी.

रॅम्पवरून फाटकापर्यंत गेलो. कठडा धरून. कठडा आहे म्हटल्यावर न धरणं उद्धटपणा. रस्ता होता तिथेच आहे. विमावाले म्हणाले, अरे वा, सर! म्हटलं, हिच्यासाठी तपासून बघतोय.

४ जुलै
लेकीने एक बटण पाठवलं आहे. गळ्यात घालायचं. दाबलं की कुठल्याशा केंद्रात वाजतं आणि तिथली माणसं घरच्यांना, शेजाऱ्यांना कळवतात. हिने ते माझ्या गळ्यात घातलं. म्हटलं, हे तुझ्यासाठी असेल. म्हणाली, माझ्यासाठीच आहे हो. पण घालायचं तुम्ही.

आता ही स्वतःच कबूल करते आहे.

५ जुलै
ही ताईकडे चालली. आठ दिवस. मला विचारलं नाही, सांगितलं. सकाळ-संध्याकाळ एक बाई येऊन स्वयंपाक करून जाईल, विमावाले रोज डोकावून जातील, लेक फोन करेल. सगळी फळी आधीच उभी केलेली. मी म्हटलं, तुला करमायचं नाही. म्हणाली, बघू. म्हटलं, ताईकडे जाऊन करणार काय? म्हणाली, काही नाही. काहीच करणार नाही.

हे काय उत्तर झालं? ही दोन दिवसांत परत येते. माझी खात्री आहे.

७ जुलै, सकाळी
गेली. सूटकेसला चाकं आहेत. रॅम्पवरून ती इतकी अलगद गेली की मी चष्मा शोधून दारात येईपर्यंत ही रिक्षात बसलेली होती. तिने हात केला. खांद्याला आता बरं वाटत असावं, हात चांगला उंच गेला.

संकल्प. एक: पहाटे उठून व्यायाम. दोन: ‘घर आणि वार्धक्य: एक शास्त्रीय दृष्टी’ हा लेख. तीन: स्वयंपाकाच्या बाईला शिस्त. चार: हिचा फोन आला की थोडक्यात बोलायचं, सुटीत तिला माझी काळजी नको.

७ जुलै, संध्याकाळी
फोन आला. पोचले म्हणाली. थोडक्यात बोलली. तीच.

८ जुलै
व्यायाम नाही. पहाट लवकर झाली. लेखाचं शीर्षक सुवाच्य अक्षरात लिहून काढलं. स्वयंपाकाची बाई मला शिस्त लावते आहे, ताट उचलून सिंकमध्ये ठेवा म्हणते. ठेवलं. ही कधी म्हणाली नाही, त्यामुळे राहून गेलं होतं.

आंघोळ खुर्चीवर बसून केली. पाणी पाठीवरून सावकाश जातं. घाई नसते. हे फक्त निरीक्षण आहे.

हिचा फोन नाही. तिकडे रेंज नसते.

९ जुलै
फोन नाही. दोन दिवसांत परत येणार होती, पण गाड्यांना गर्दी असते.

लेकीला विचारलं, आईचा काही निरोप? म्हणाली, बाबा, आई आणि मावशी काल तळ्यावर नावेत बसल्या, फोटो पाठवलाय. फोटो पाहिला. ही नावेच्या टोकाला बसली आहे, तोंड उघडं, वारा. एवढं तोंड उघडून काय बोलत असेल? मग लक्षात आलं की हसते आहे. समोर टाइल्स फुटलेल्या नसतानाही.

१० जुलै, दुपारी
बटणाची चाचणी घेतली. यंत्र चालतं की नाही हे बघायलाच हवं. बटणातूनच एक मुलगी बोलली, आजोबा, पडलात का? म्हटलं, नाही. बरं वाटत नाही का? बरं आहे. मग? म्हटलं, चाचणी. म्हणाली, ठीक आहे, छान चालतंय.

एकदा चाचणी घेऊन शास्त्रात काही सिद्ध होत नाही. थोड्या वेळाने पुन्हा दाबलं. तीच मुलगी. मी विचारलं, हे दाबल्यावर आमच्या घरात कुणाकुणाला कळतं? म्हणाली, आधी समोरच्या काकांना, मग तुमच्या मुलीला. म्हटलं, आणि मिसेसना?  म्हणाली, आजोबा, काकूंनी त्यांचा नंबर सध्या काढून ठेवायला सांगितलाय. परत आल्या की घालू.

म्हटलं, बरोबर, मीच सुचवलं होतं.

तेवढ्यात विमावाले आले, धापा टाकत. दोनदा वाजलं म्हणून पळत आले होते, एका पायात चप्पल, एका पायात नाही. मी ठीक आहे हे पाहून खुर्चीत बसले आणि बराच वेळ उठले नाहीत. पाणी दिलं. मी दिलं, उठून. मग ते म्हणाले, सर, तुमच्याकडे बटण आहे ते बरं आहे. आमची ही वारल्यापासून, मी दाबलं तर येणार कोण?

 विम्यावरून टोमणा मारण्यासारखं होतं, पण तो आठवला नाही. आम्ही चहा घेतला. चहा त्यांनी केला, साखर जास्त घातली. उद्या पुन्हा येतो म्हणाले. म्हटलं, या.

१२ जुलै
लेख: एक वाक्य झालं. खोडलं.

विमावाल्यांनी पत्ते आणले होते. फार वाईट खेळतात. जिंकले.

१४ जुलै, संध्याकाळी
आज हिचा फोन आला. उद्या यायची होती, म्हणून मी सकाळीच दाढी करून घेतली होती, एक दिवस आधी. दारातला कठडाही पुसून ठेवला होता.

आवाज ओळखू येईना. खणखणीत. मागे ताई कुणाला तरी हसत काहीतरी सांगत होती. हिने विचारलं, जेवण नीट होतं ना? म्हटलं, होतं. औषधं? घेतो. फाटकापर्यंत जाता ना? कोपऱ्यापर्यंत जातो, असं मी जरा ताठ होऊन म्हणालो. तिने विचारलं, कुणी लागतं का बरोबर? म्हटलं, कोण लागणार? एकटा जातो. मग म्हणाली, आणि बाथरूममध्ये? दांडी धरता ना?

म्हटलं, अर्थात धरतो. रोज. दर वेळी. खुर्चीवर बसतो. एकदाही कुणाला बोलवावं लागलं नाही.

  मग म्हणाली, खरंच? अहो, किती बरं वाटलं मला. मग मी अजून पंधरा दिवस राहते हां. ताई म्हणतेच आहे.

मी म्हटलं, राहा. निवांत राहा. काही घाई नाही.

फोन ठेवला.

धरत नाही, असं सांगायला हवं होतं.